चतुर्थीतली बहीण

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता आठवतोय का मंडळी? प्रथमा, द्वितीया, तृतीया... स-ला-ते, स-ला-ना-ते... आणि समोर छडी घेऊन उभे असलेले सर! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतरच्या नोकरीत त्या तक्त्याने कधी तोंड दाखवलं नाही. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून महिलांच्या हक्कांवरची जी भाषणं मोबाईलवर येऊन आदळतात, ती ऐकताना हा तक्ता फार कामाला येतो. कसा, ते सांगतो.

भाषण कोणाचंही घ्या. त्यात बाई कुठे आहे ते शोधा. व्यासपीठावर नाही, वाक्यात. मग लक्षात येतं की ती जवळजवळ कायम चतुर्थीत आहे. बहिणींना पैसे दिले. बहिणींना सन्मान दिला. बहिणींना सक्षम केलं (व्याकरणाचे सर याला द्वितीया म्हणतील, पण प्रत्यय तोच, ना!). आपल्या व्याकरणात चतुर्थीचा कारकार्थ आहे 'संप्रदान', म्हणजे ज्याला दान द्यायचं तो. कर्ता दुसराच कोणीतरी असतो. तो देतो, तो करतो, तो थांबवत नाही, तो वाढवेल.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे: महाराष्ट्रात महिलांच्या हक्कांवर बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी 'हक्क' हा शब्द गुपचूप बदलून त्या जागी 'ओवाळणी' आणून बसवली आहे. हा बदल नुसता गोड बोलण्याचा भाग नाही, त्याचे परिणाम होतात. आणि त्या बदलाला टाळ्या वाजवण्यात आपण शिकलेले, लॅपटॉपवाले भाऊही सामील आहोत.

आधी डिस्क्लेमर. मी भाषातज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. 'क्रिटिकल डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस' नावाची एक अभ्यासशाखा आहे. नॉर्मन फेअरक्लॉ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९८९ च्या 'लँग्वेज अँड पॉवर' या पुस्तकात तिचा पाया घातला. सोप्या भाषेत, कोण काय बोललं एवढ्यावर न थांबता वाक्यात कर्ता कोणाला केलं, कोणाला गायब केलं, कोणतं नातं गृहीत धरलं आणि त्यातून सत्ता कोणाच्या हातात राहिली, हे बघायचं. कोड रिव्ह्यू करतो तसंच. प्रोग्रॅम काय करतो ते कमेंटमध्ये लिहिलेलं असतं, पण खरं कळतं ते कोड वाचल्यावर.

दुसरं डिस्क्लेमर. 'फुकटचे पैसे वाटतात, आमच्या टॅक्सचे पैसे' असं कुरकुरणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांच्या एका वेळच्या पिझ्झाचं बिल दीड हजार होतं त्यांनी त्या दीड हजारावर प्रवचन देऊ नये. बाईच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा होणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण पैशांशी नाही, पैशांसोबत येणाऱ्या वाक्यांशी आहे.

आता मुद्द्यावर येऊ.

२८ जून २०२४ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात अतिरिक्त अर्थसंकल्प मांडताना 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' जाहीर केली. वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. वयाची मर्यादा आधी ६० होती, ती लगेच ६५ झाली. मध्य प्रदेशात २०२३ साली शिवराजसिंह चौहान यांची 'लाडली बहना' चालली होती, तिचा हा मराठी अवतार. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या मुहूर्तावर पहिले दोन हप्ते खात्यात पडले. २० नोव्हेंबरला मतदान झालं. निकाल सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात जुलै म्हणजे रोवणीचे दिवस. चिखलात गुडघाभर उभं राहून धानाची रोपं लावायची ती बायांनीच. नेमक्या त्याच दिवसांत, रोजी बुडवून, बाया सेतू केंद्रांसमोर दाखल्यांसाठी रांगा लावून उभ्या होत्या. सुरुवातीची मुदत १५ जुलै होती, ती पुढे ३१ ऑगस्ट झाली. आणि ज्या अर्जासाठी ही रांग, त्याच्या डोक्यावरचं नाव बघा. 'माझी लाडकी बहीण'. यातलं 'माझी' कोणाचं हो? अर्ज भरणारीचं नक्कीच नाही, ती स्वतःच बहीण आहे. 'माझी' म्हणणारा आहे मुख्यमंत्री. म्हणजे अर्ज तिचा, सही तिची, आधार तिचं आणि शीर्षक दुसऱ्याच्या तोंडचं! बाई योजनेत शिरते तीच षष्ठी विभक्तीतून, कोणाची तरी म्हणून.

'लाडकी' या शब्दाकडेही बघा. लाडकी कोणीतरी कोणाची तरी असते. लाड करणारा वेगळा आणि त्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून. आपण सगळे आवडत्या-नावडत्या राणीच्या गोष्टी ऐकत वाढलोय. राजाची मर्जी फिरली की आवडतीची नावडती व्हायला किती वेळ लागतो? 'नागरिक' या शब्दाचं तसं नाही. लाडका नागरिक आणि नावडता नागरिक असं घटनेत कुठे नाही. म्हणूनच भाषणात नागरिक सापडत नाही, बहीण सापडते.

मग बाई भाषणात कर्ता होतच नाही का? होते ना! दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण भूतकाळ. प्रत्येक भाषणाची सुरुवात जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी यांच्यापासून होते. जिजाऊंनी घडवलं, सावित्रीबाईंनी शिकवलं, अहिल्यादेवींनी राज्य चालवलं. इथे बाई झकास कर्ता आहे. पण वाक्य वर्तमानकाळात आलं रे आलं की तीच बाई 'ना' प्रत्यय लावून खाली बसते. थोडक्यात, बाईने काहीतरी करावं याला आमच्या पुढाऱ्यांची हरकत नाही, फक्त ते दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी केलेलं असावं.

दुसरं ठिकाण भाषणाचा शेवट. तिथे बाईसाठी राखून ठेवलेली तीन क्रियापदं येतात. ती ओवाळते, ती राखी बांधते, ती आशीर्वाद देते. यातलं 'आशीर्वाद' सगळ्यात हुशार आहे, कारण त्याचा खरा अर्थ मत असा आहे. मत म्हणजे काय? समोरच्याचं काम तपासून, पटलं तर ठेवायचं, नाही तर घरी पाठवायचं, असा निर्णय. तो दर पाच वर्षांनी बदलता येतो, गुप्त असतो, त्याचं कारण सांगावं लागत नाही. आशीर्वाद म्हणजे काय? तो भावाला द्यायचाच असतो. भाऊ नालायक असला तरी द्यायचा असतो. ज्या बाईने आशीर्वाद दिला नाही ती काही विरोधी मतदार होत नाही, ती वाईट बहीण होते. एका शब्दाच्या अदलाबदलीत मतदानाचं नातेसंबंधात रूपांतर झालं, आणि नात्यात हिशेब विचारणं आपल्याकडे असंस्कृतपणाचं!

हे माझं कल्पनेचं पतंग उडवणं वाटत असेल तर २०२४ मधलीच दोन भाषणं बघा. ऑगस्टमध्ये अमरावतीला आमदार रवी राणा भर कार्यक्रमात म्हणाले, की सरकार आलं तर रक्कम दुप्पट होईल, पण ज्यांनी आशीर्वाद दिला नाही त्यांच्या खात्यातून, भाऊ या नात्याने, ते दीड हजार परत काढून घेईन. गदारोळ झाल्यावर आपण गमतीत बोललो असा खुलासा आला. नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरला भाजपचे राज्यसभेतले खासदार धनंजय महाडिक म्हणाले, की योजनेचे पैसे घेणाऱ्या बाया काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, नावं लिहून घ्या. त्यावरही टीका झाली, निवडणूक यंत्रणेची नोटीस निघाली, त्यांनी माफी मागितली.

सगळ्यांनी त्यांना जीभ घसरली म्हणून झोडपलं. माझं म्हणणं उलट आहे. जीभ घसरली नव्हती, ती अगदी रुळावरून चालली होती. भाऊ आपल्या खिशातून देतो हे एकदा मान्य केलं, की न ओवाळणाऱ्या बहिणीकडून परत घेणं हे पुढचं तर्कशुद्ध वाक्य आहे. बाकीचे पुढारी ते बोलत नाहीत इतकंच. प्रोग्रॅममध्ये बग असतो आणि नव्याण्णव वेळा तो दिसत नाही, शंभराव्या वेळी कोणीतरी भलतीच कळ दाबतो आणि स्क्रीनवर सगळं उघडं पडतं. या दोन भाषणांत तेवढंच झालं.

आणि हो, हे एकाच बाजूचं दुखणं नाही. महाविकास आघाडीने त्याच निवडणुकीत 'महालक्ष्मी योजने'त महिन्याला ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं. बहिणीच्या जागी देवी आली आणि रक्कम दुप्पट झाली. विभक्ती? तीच! महायुतीनेही दीड हजाराचे २,१०० करू म्हणून सांगितलं होतंच. एकाही बाजूने बाईला कर्ता केलं नाही, फक्त लिलावात बोली वाढवत नेली.

दिल्लीतही वेगळं काही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. चांगलं झालं. पण नाव काय ठेवलं? 'नारी शक्ती वंदन अधिनियम'. अहो, जागा हव्या होत्या, वंदन कोणी मागितलं होतं! आणि ते आरक्षण बांधून ठेवलं पुढच्या जनगणनेला आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला. परिणाम, २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा दोन्ही त्याच्याशिवाय झाल्या. वंदन ताबडतोब, वाटा नंतर.

वाटा. हाच खरा शब्द आहे, आणि भाऊ-बहीण या नात्याचं राजकारण कळायला याच शब्दापाशी जावं लागतं.

आपल्या समाजात भाऊ बहिणीला काय देतो? ओवाळणी देतो, साडी देतो, माहेरपण देतो. आणि काय देत नाही? जमीन. महाराष्ट्राने १९९४ सालीच वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्याच वर्षी देशातलं पहिलं राज्य महिला धोरणही इथेच आलं. २००५ मध्ये केंद्राने तसाच कायदा देशभर केला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात शंका मिटवली: हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. म्हणजे कायद्यापुरता विषय संपला. मग गावोगाव काय चालतं? हक्कसोडपत्र.

आमच्याच घरचं सांगतो. सालेकसा तालुक्यात दिलेली माझी आत्या. आजोबा गेले तेव्हा मी आठवीत होतो. पटवाऱ्याकडे वारसांची नोंद झाली तेव्हा वडील आणि काकांसोबत तिचंही नाव सातबाऱ्यावर चढलं. पुढच्या महिन्यात तिला गाडी पाठवून बोलावलं, निबंधकांच्या कार्यालयात नेलं, तिने सही केली, अंगठ्याचा ठसा दिला. संध्याकाळी घरी साडीचोळी झाली, वडे झाले. कोणी तिला दमदाटी केली नाही. कोणी तिला विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "मले काय करायचं हाय जमिनीचं? भावाचं दार उघडं राहिलं म्हंजे झालं." त्या बांध्यांच्या धानावर माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली. तिच्या मुलाची भरली गेली नाही. तो माझ्याच वयाचा आहे आणि राईस मिलमध्ये पोती उचलतो. आता आत्याच्या खात्यात दीड हजार येतात आणि ती त्या भावाला (म्हणजे सरकारला) मनापासून दुवा देते. तिचा वाटा गेला तेव्हा तिने एका भावाला दुवा दिली होती. ओवाळणी आली तेव्हा दुसऱ्या भावाला देते आहे.

आता सांगा, महाराष्ट्रातल्या बाईशी तिच्या हक्कांबद्दल बोलायला व्यासपीठावरून निवडलेलं नातं कोणतं? नेमकं तेच, ज्या नात्यात तिने हक्क सोडणं हा प्रेमाचा पुरावा समजला जातो! हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. कोणी बंद खोलीत बसून कट रचला असंही म्हणत नाही. पण हे नातं पुढाऱ्यांना सोयीचं आहे, कारण बहीण मागत नाही. मागितलं तर माहेर तुटतं हे तिला कोणी शिकवावं लागत नाही.

"अरे, शब्दांनी काय होतं? पैसे मिळाले ना?" असं माझे मित्र म्हणतात. तर शब्दांनी काय होतं ते बघा. निवडणुकीआधी २,१०० चं आश्वासन होतं. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला, रक्कम १,५०० च राहिली. वेतन असतं तर युनियन कोर्टात गेली असती. ओवाळणी कमी पडली म्हणून कोणती बहीण कोर्टात जाते? पुढे छाननी सुरू झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलं. यादीत हजारो पुरुषसुद्धा सापडले, हा विनोद वेगळाच. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्यांना नवरा नाही, वडील नाहीत, त्यांनी काय करायचं हा प्रश्न नंतर पडला. छाननी चुकीची असं माझं म्हणणं नाही, सरकारी पैशांची छाननी झालीच पाहिजे. पण भाषा बघा कशी पालटते. सभेत 'माझी बहीण', कागदावर 'लाभार्थी', छाननीत 'अपात्र'. तिन्ही ठिकाणी ती क्रियापदाच्या पलीकडच्या टोकाला आहे.

आता कोणी म्हणेल, भाषण म्हटलं की असंच असणार, वेगळं कसं बोलणार? वेगळं बोललं गेलं आहे. फार लांब नाही, आमच्या शेजारी नागपुरात.

२० जुलै १९४२. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. समोर हजारो बाया, त्यातल्या कित्येक मजूर. बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांची त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून नेमणूक झाली होती. म्हणजे त्यांच्याही हातात सत्ता होती, तेही 'देणारे' होऊ शकले असते. भाषणाचा जो अहवाल उपलब्ध आहे त्यातली क्रियापदं तपासा. ते म्हणतात, एखाद्या समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मग बायांना सांगतात: मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न झालेल्या प्रत्येकीने नवऱ्यासमोर त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. उपदेश आहे का यात? भरपूर आहे, स्वच्छतेवरसुद्धा आहे. पण प्रत्येक वाक्यात करणारी बाई आहे. शिकवणारी ती, थांबणारी ती, नकार देणारी ती. 'नकार' हे क्रियापद बायांच्या हातात देणारं राजकीय भाषण तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

आणि बायांनी काय केलं? आरती ओवाळून घरी गेल्या नाहीत. त्या परिषदेने ठराव केले. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी हवी, गिरणीत आणि विडी कारखान्यांत काम करणाऱ्या बायांना रजा आणि पेन्शन हवी, कायदेमंडळात प्रतिनिधी हवेत. 'हवी', 'हवेत'. १९४२ साली! भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात विड्या वळणाऱ्या कित्येक पिढ्या झाल्या, त्यामुळे तो विडीवाला ठराव मला आमच्या घरचाच वाटतो.

पुढे हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले भंडाऱ्यातून, ज्या जिल्ह्यात तेव्हा आमचं गोंदिया होतं. आम्ही त्यांना पाडलं. असो.

दुसरं उदाहरण शेतकरी संघटनेचं. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. जोशींशी माझे दहा मतभेद असतील, पण याला ते दान म्हणत नव्हते. बाईने आयुष्यभर उपसलेल्या कष्टांचं हे ऋण आहे आणि ते फेडायचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. मराठीत 'देणं' आणि 'देणगी' यात एका अक्षराचा फरक आहे, पण एकात मान खाली देणाऱ्याची असते आणि दुसऱ्यात घेणाऱ्याची.

आणि याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला होता. त्यात मजुराने काम 'मागायचं' होतं आणि सरकारने ते द्यायलाच हवं होतं. गरीब माणूस, त्यात निम्म्या बाया, 'मागणे' या क्रियापदाचा हक्काने कर्ता झाला. पैसे तेव्हाही सरकारचेच होते. वाक्य वेगळं होतं.

आजही बाया कर्ता होतात, आणि तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं आहे. ज्या अंगणवाडी सेविकांनी गावोगाव 'लाडकी बहीण'चे अर्ज भरून दिले, त्याच सेविका आदल्या डिसेंबरात, २०२३ मध्ये, संपावर गेल्या होत्या. पन्नास दिवसांहून जास्त. मागणी काय, तर मानधन वाढवा, पेन्शन द्या, ग्रॅच्युइटी द्या. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. त्यांना 'पगार' नाही, 'मानधन' मिळतं, हाही एक शब्दाचाच खेळ. आता आठवून बघा, त्या पन्नास दिवसांत व्यासपीठावरून त्यांना कोणी 'लाडक्या बहिणी' म्हणाल्याचं ऐकलंत? मी तरी नाही. "आम्ही संपावर आहोत" या वाक्यात बाई प्रथमेत आली, आणि लाड संपले.

थोडं आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. जवळजवळ निम्म्याला निम्मं. जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा: अर्जुनी मोरगाव, तिरोडा, गोंदिया, आमगाव. २००९ ते २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका धरल्या तर सोळा वेळा आमदार निवडला गेला. सोळाच्या सोळा पुरुष. २००९ पासून भंडारा-गोंदियाच्या खासदारकीचंही तेच, पोटनिवडणूक धरून. आणि बहिणींच्या नावाने लढलेल्या २०२४ च्या निवडणुकीतून राज्यात २८८ पैकी किती बहिणी आमदार झाल्या? २१. २०१९ ला २४ होत्या. भावांनी एवढा लाड केला की तीन कमीच झाल्या!

याउलट पंचायत राज. १९९० च्या दशकात एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा कायद्याने राखीव आहेत. तिथे बाया आहेत, कारण तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्नच ठेवला नाही. सरपंचपती नावाचा प्राणी आहे, मान्य. पण दहा गावांत तो असला तरी अकराव्या गावात बाई स्वतः ग्रामसभा चालवते. विभक्ती बदलते ती अशी, नियमाने.

तर मंडळी, करायचं काय? एक सोपा प्रयोग सांगतो, या वीकेंडला करून बघा. आवडत्या पुढाऱ्याचं (नावडत्याचं नको, ते सोपं असतं) महिलांवरचं एखादं भाषण लावा. कागदावर दोन रकाने आखा. बाई जिथे करते ते एका रकान्यात, बाईला जिथे केलं जातं ते दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातून ओवाळणं, राखी आणि आशीर्वाद वजा करा. काय उरतं बघा.

पण खरा प्रयोग घरी आहे, आणि तो जास्त अवघड आहे. पुण्यात, बंगलोरमध्ये, अमेरिकेत बसून आपण या भाषणांवर मीम बनवतो. पुढाऱ्यांना हसणं फुकट असतं. पण आपणही भाऊच आहोत. दर भाऊबीजेला आपण बहिणीला पाकीट देतो, हल्ली तर यूपीआय करतो, आणि मोकळे होतो. यंदा पाकीट द्यायच्या आधी मोबाईलवर घरचा सातबारा उघडा. ऑनलाईन मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्यावर तिचं नाव आहे का बघा. नसेल तर कसं गेलं ते आईवडिलांना विचारा. असेल, आणि घरात हक्कसोडपत्राची कुजबुज सुरू असेल, तर तिला सही करायला गाडी पाठवण्याऐवजी एकदा विचारा, तुला काय हवं आहे?

मी वडिलांना विचारलंय. आत्याच्या वाट्याच्या बांध्या तिच्या नावावर परत करायच्या का, यावर आमच्या घरी दिवाळीपासून अबोला आहे. काका फोन उचलत नाहीत. आत्या म्हणते, कशाला उकरतोस? तिला मी सांगितलं, हे मी तुला देत नाहीये, हे तुझंच आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं की रस्त्याकडच्या बांध्या मिळतील की नाल्याकडच्या. रस्त्याकडच्या पाहिजेत म्हणाली.